भिंतीवरची अळी

मौजे निंबखेड, अकोल्याजवळ
शके १७८६, रक्ताक्षी संवत्सर, श्रावण वद्य ६

सौभाग्यवती सुभद्रा हीस आशीर्वाद.

तुला वाचता येत नाही. तेव्हा हे पत्र तुझे बंधू शेषराव ओसरीवर बसून मोठ्याने वाचणार आणि अंजनगाव सुर्जीची निम्मी माळीआळी भाजी निवडता निवडता ते ऐकणार, हे मी धरून चाललो आहे. शेषराव, पटवाऱ्याजवळ बसून आपण मोडी शिकलात ते चांगलंच झालं. फक्त मी जिथे विनोद केला असेल तिथे थांबून "हा विनोद आहे" असं सांगत जाऊ नका.

गावात मी सांगून ठेवलं आहे की तू पंचमीनंतर माहेरी गेलीस ती मदतीला. यंदा मळ्यात वांगी फार, भावजय एकटी पडते. शेजारची म्हातारी मैनाबाई म्हणाली, "लुगडे-भांडे भरून गाडी नेली बाईनं. एवढे वांगे?" मी म्हणालो, वांगी मोठी आहेत.

शाळेचं उत्तम चाललं आहे. सरकारने नेमलं बाराखडी घोकवायला, मी पोरांना घेऊन बांधावर जातो. महादेवराव पाटलांनी विचारलंच, "मास्तर, पोट्टे वावरातच हिंडाचे होते तं शाळा कावून काढली?" प्रश्न बरोबर होता, म्हणून उत्तर दिलं नाही.

तुला माझं सगळं ठाऊक आहे, तरी ऐक. बाप अमरावतीला अंबादेवीच्या वाटेवर झेंडू-मोगरा लावायचा. त्याला वाटे पोराने फुलं तोडावी. पोरगं फुलांकडे बघत बसे. मग देवळाच्या चिताऱ्याकडे टाकलं. त्याला वाटे मी देव रंगवावे. मी देवाच्या पायाजवळचं गवत रंगवायचो, तेही कुंदा की हरळी हे ओळखू येईल असं. दोघांनीही हाकललं. हाकललेल्या माणसाला दुसऱ्यांना शिकवण्याचा एकच धंदा उरतो. आता मात्र ही तिन्ही खुळं मी एका भिंतीवर आणून बसवली आहेत. शाळेच्या पडवीच्या लांब भिंतीवर कापसाच्या पऱ्हाटीचं झाड काढलं, मुळापासून बोंडापर्यंत. गेरू, चुना, नीळ, काजळ. आणि बोंडावर अळी.

अळी खरी असते करंगळीच्या पेराएवढी. मागे बसणाऱ्या पोरांना ती दिसणार कशी? म्हणून मनगटाएवढी जाड काढली. जबडा, पायांच्या जोड्या, पाठीवरचे ठिपके, सगळं बिनचूक. मैनाबाई दारातून बघत राहिली.

"मास्तर, हे कोनाचं दैवत व्हय?"

"कोणाचंच नाही. किडा आहे."

"मंग भिंतीवर कावून?"

यंदा गावाने शिवारभर कापूसच लावला आहे. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत लोक आपसांत लढतात, इथे कापसाचा भाव चढतो आणि त्यांच्यापायी निंबखेडात ज्वारी पेरायची राहते, हा भूगोल मी पोरांना शिकवतो. पाटलांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घातल्या. बैलांना त्याचं काही नाही, पाटीलच मान वर करून चालतात. खायचं काय, तर विकत घेऊ. कापूस बुडाला तर हे गाव काय खाईल, हे मी विचारत नाही. पोरांना अळी ओळखता यावी, एवढंच माझं म्हणणं.

केव्हा येतेस ते कळव. घाई नाही. चूल मला पेटवता येते; पेटलेली ठेवता येत नाही, एवढंच.

केशव


भाद्रपद शुद्ध ९

सौ. सुभद्रा हीस आशीर्वाद.

उत्तर नाही. नत्थुजी गाडीवान म्हणतो पत्र पोचलं, वाचलं, ऐकलं. "मग बाई काय म्हणाल्या?" "काई नाही. मेथी निवडून राहिल्या होत्या."

एक गंमत सांगतो. पोळ्याच्या सकाळी शाळा उघडली तर अळीच्या कपाळाला हळदकुंकू. अळीला कपाळ नसतं, पण बायकांनी शोधून काढलं होतं. खाली मूठभर सरकी, एक सुपारी. भिंतीवर हाताने काढलेलं ते पाहुणं, असं इथलं शास्त्र. काढलं म्हणजे बोलावलं. बोलावलं की मान द्यायचा, आणि काम झालं की निरोप देऊन पाठवायचं.

मला आला राग. ही शाळा आहे, देवाचं ठाणं नाही. ओलं फडकं घेतलं आणि अळी पुसून टाकली. मैनाबाई नेमकी दारात.

"धाडलं नाही तुमी तिले?"

"कुठे धाडू? ही काय, फडक्यात आहे."

बाई हसली नाही. "बोलावलं, कुंकू लावून घेतलं, अन् निरोप न देता पुसलं. आता ते जाईन कुठी?"

पोरं मात्र खदखदून हसली आणि आपण फार छान बोललो असं मला वाटलं. पंचमीच्या दिवशीही असंच वाटलं होतं. तो विषय आत्ता नको.

दुसऱ्या दिवशी मारबतीच्या रीतीप्रमाणे गाव इडापिडा हाकलत पळसाच्या फांद्या घेऊन शिवेपर्यंत ओरडत गेलं, "खोकला, खरूज, ढेकूण घेऊन जाय गे मारबत!" माझं घर आलं तसं कोणीतरी ओरडलं, "अळी घेऊन जाय गे मारबत!" सगळे हसले. मीही हसलो. त्यांचं हसणं आणि माझं हसणं एका जातीचं नव्हतं, हे दार लावून घेतल्यावर कळलं.

केशव


भाद्रपद वद्य ११

सुभद्रे,

अळी आली.

मी शिकवलं होतं म्हणून पोरांनाच ती आधी दिसली. पाटलांचा धाकटा चंद्रभान, शाळेत सगळ्यांत जास्त प्रश्न विचारणारा, पोखरलेलं बोंड तळहातावर घेऊन घरी धावला. "बा, भिंतीवरची अळी वावरात आली!" ओळख अगदी बरोबर पटवली त्याने. एवढा हुशार विद्यार्थी मला परवडायचा नाही हे मला तेव्हा समजायला हवं होतं.

आठ दिवसांत निम्म्या शिवारात पसरली. पाती-कळ्या गळून झाडांच्या ओळीओळींत सडा पडला आहे. मी सांगतो, पतंग अंडी घालतो, अंड्यातून अळी निघते, आत्ता वेचली तर थांबेल. लोक ऐकून घेतात आणि माझ्या हातांकडे बघतात. ज्या हातांनी काढली, त्या हातांकडे.

विहिरीवर माझ्या घागरीला जागा होत नाही. नाही कोणी म्हणत नाही, फक्त दोर मोकळा होत नाही. परवा भर दुपारी शाळेच्या कौलांवर दगड आले. मी पोरांना म्हणालो, मोजा. तीन. शिकवायची सवय फार वाईट.

नत्थुजीने एक हकिकत सांगितली. तिवशाच्या बाजूला एका गावात गेल्या साली पटकीची साथ आली. आणली कोणी, तर लोहाराने, असं गावाचं ठरलं. त्याला गाडीला बांधून शिवेबाहेर सोडला. पुढच्या गावाने पाणी दिलं नाही. त्याच्या पुढच्या गावाने वेशीतच अडवला.

"मग?" मी विचारलं.

नत्थुजी बैलाच्या पाठीवरच्या माश्या हाकत बसला.

काल मला चावडीवर बोलावलं. पाटील म्हणाले, "दसऱ्यापावतर वाट पाहू. तिले पुन्हा काढा अन् रीतीनं धाडा. नाही गेली, तं तुमाले धाडू." मी शास्त्र काढलं: मारबत वर्षातून एकदाच. "यंदा दोनदा करू," पाटील म्हणाले. कोणी हसलं नाही. शेषराव, तुम्हीही हसू नका.

निरोप कसा देतात ते मला येत नाही. मैनाबाईला विचारलं तर म्हणते, ज्यानं अपमान केला त्यानंच पाहावं. गावातली एकही बाई सांगायला तयार नाही. तू सांगू शकशील, म्हणून लिहितो. आणि तुला काही विचारायचं तर आधी मला दुसरं काही बोलावं लागेल.

पंचमीला तू गंधाने भिंतीवर पाच फण्यांचा नाग काढत होतीस. बाया भोवती बसल्या होत्या. मी कोळसा घेतला आणि नागाला फणा एकच असतो, डोळ्याला पापणी नसते, खवले असे असतात, असं म्हणत तुझ्या नागावर माझा नाग काढून दाखवला. माझा नाग बरोबर होता. तू वाटी खाली ठेवलीस ते मला दिसलं. तरी मी खवले पुरे केले. वीस वर्षं प्रत्येक सणाला तुला भिंतीपुढे बसलेली पाहिली. तू काय काढतेस, का काढतेस, हे गावच्या पोरांना शिकवायला निघालेल्या माणसाने एकदाही विचारलं नाही. चुकलो. शेषराव, हा शब्द गिळू नका, स्वच्छ वाचा: चुकलो.

मी घाबरलो आहे, सुभद्रे. लिहिताना गंमत करण्याची खोड जात नाही, पण कागद शेषरावांच्या हातून घे आणि तूच बघ. वाचता येत नसलं तरी ओळी कशा वाकड्या गेल्यात ते तुझ्या डोळ्याला दिसेल.

केशव


आश्विन शुद्ध १

सुभद्रे,

नत्थुजी काल आला. तुझा निरोप त्याने बैल सोडायच्या आधी सांगितला, म्हणजे तो वाटभर घोकत आला असावा.

"बाई म्हने, नाग आमी काढतो, नागाले कसं धाडाव ते आमाले येते. अळी आजवर कोनी काढलीच नाही. तिले धाडाची रीत कोनापाशी असन? नाहीच. नवी कराव लागते. तुमी करा, मास्तर ना तुमी? पन करसान तं अशी करा का गावात कोनाचेच हात रिकामे नाही राहाले पाह्यजे."

मी विचारलं, आणि ते दुसरं? जे मी लिहिलं होतं ते?

"शेषरावनं दोनदा वाचलं. दुसऱ्या डाव बाईनंच वाचाले सांगतलं."

एवढ्यावर मी रात्र काढली आणि सकाळी चावडीवर जाऊन रीत सांगितली. आवाज कापत होता. त्यांना तो अंगात आल्यामुळे वाटला असावा. अळी मी पुन्हा काढणार. घट बसल्यापासून नऊ दिवस, उजाडलं की गावातल्या प्रत्येकाने वावरात जायचं. बाप्या, बाई, पाटील, पाटलाचा गडी, कोणी सुटायचं नाही. झाडाझाडाशी वाकून अळी वेचायची. पोखरलेली पाती, भोक पडलेलं बोंड, खाली गळलेलं, सगळं टोपलीत. खालच्या फांदीचं आधी, वरच्या फांदीचं नंतर. टोपल्या भिंतीपुढे ठेवायच्या, कुंकू वाहायचं, आणि शिवेवरच्या खड्ड्यात नेऊन जाळायच्या. जो वाकणार नाही, त्याच्या घरी ती राहील.

पंधरा दिवस मी हेच ओरडून सांगत होतो, फक्त कुंकवाशिवाय.

सगळ्यांनी माना हलवल्या. मैनाबाईने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. नंतर शाळेत चंद्रभान उभा राहिला. "मास्तर, अळी अंड्यातून निंघते असं तुमीच सांगतलं होतं. मंग चित्राले कावून धाडाचं?"

मी म्हणालो, "खाली बस."

असं मी आजवर एकाही पोराला म्हटलं नव्हतं.

नऊ दिवसांत अळी हटली नाही, तर दहाव्या दिवशी लोक सोनं लुटायला शिवेवर जातील तेव्हा मीही त्यांच्याबरोबर असेन. फक्त परत येणार नाही. अळी काढून उरलेले रंग आणि माझे कुंचले नत्थुजीजवळ देऊन ठेवतो आहे. नीळ ओलीपासून जपावी लागते.

केशव


आश्विन शुद्ध १२

सुभद्रे,

जिवंत आहे. यातच सगळं आलं असं तुला वाटेल, तर तसं नाही.

नऊ दिवस गाव वाकलं. महादेवराव पाटील पहिल्या दिवशी दोन झाडांत दमले, चौथ्या दिवशी फेटा काढून ठेवला, सातव्या दिवशी त्यांना अळी माझ्याआधी दिसू लागली. खड्ड्यातला धूर दोन कोसांवरून दिसत होता. निम्मं शिवार आधीच गेलं होतं. उरलेलं बहुतेक वाचलं. दसऱ्याला मला धाडायला कोणी गाडी जुंपली नाही. पाटलांनी मला आपट्याचं पान दिलं आणि हे बघ, माझ्या पाया पडले.

मी पाय मागे घेतले. त्यांनी पुढे होऊन धरले.

तेव्हापासून दार मोकळं नाही. नवं धोतर, नारळ, कोणाचं तापाचं पोर, कोणाची आटलेली गाय. विहिरीवर माझी घागर आता दुसरेच भरून देतात. पाटील म्हणतात, "शाळा राहू द्या. तिथंच ठाणं बांधून देतो. पटकी आली, टोळ आले, तं तुमीच धाडाल." गावाला राग होता तोवर निदान शिवेपलीकडे पळता तरी आलं असतं. हे लोक मला शिवेवरून परत घेऊन येतील.

आणि टोळ आले तर? टोळ वेचता येत नाहीत. पटकी टोपलीत मावत नाही. त्या वेळी या सगळ्यांना आठवेल की हा माणूस धाडू शकतो आणि धाडत नाही.

पण सगळ्यांत जास्त धास्ती मी शाळेत खाल्ली. पोरं येतात, चपला दूर काढतात, भिंतीला हात जोडतात, मला हात जोडतात, आणि बसतात. गप्प. मी मुद्दाम चुकीचं सांगितलं, कापसाचं फूल निळं असतं म्हणालो. चंद्रभानच्या घरचं सगळं शिवार पिवळ्या फुलांनी भरलेलं त्याने पाहिलं आहे. तो म्हणाला, "होय मास्तर."

फुलांकडे बघतो म्हणून बापाने हाकललेला मी, पोरांना फुलांकडे बघायलाच शिकवणार होतो.

परवा चावडीवर खरं सांगणार आहे. नत्थुजीला गाडी शिवेबाहेर, चिंचेखाली उभी ठेव म्हटलं. तो म्हणाला, "बैल कोनते जुपू? चालनारे का पळनारे?"

केशव


आश्विन वद्य १

सुभद्रे,

सांगितलं. बसूनच सांगितलं. म्हटलं, विधी कुठलाच नव्हता, मी रचला. चित्राने अळी आली नाही आणि चित्राने गेली नाही. तुम्ही वेचली म्हणून गेली. जी वेचली नाही ती अजून आहे.

पाटलांना समजायला थोडा वेळ लागला. "म्हंजे नऊ दिवस आमाले खोट्यासाठी वाकवलं तुमी?"

"अळीसाठी वाकवलं."

"मास्तर, जीभ आवरा."

चार जण उठले. एकाने दंड धरला. अजून काळानिळा आहे. दारातून शिवेकडची वाट दिसत होती आणि मला नत्थुजीच्या गाडीचं काहीएक आठवलं नाही. तो लोहार तेवढा आठवला, ज्याचं नावसुद्धा मला ठाऊक नाही.

"सोडा रे त्याले," मैनाबाई म्हणाली. "आमाले पयल्याच दिवशी समजलं होतं."

"काय समजलं होतं?" पाटील गरजले.

"खालच्या फांदीचं आंधी, वरच्या फांदीचं मंग. देव असं सांगत असते काय? हे मास्तराचंच बोलनं."

"मंग सांगतलं कावून नाही?"

"सांगतलं असतं तं तू वाकला असता काय रे, महादू?"

बायांत एकदम हसू फुटलं. दंड सुटला. पाटील हसले नाहीत. कापूस घरात येईपर्यंत मला राहू द्यायचं, पुढचं मग पाहू, असं ठरलं. निम्म्या कापसावर अख्ख्या गावाने वर्ष काढायचं आहे. ज्वारी संपू लागली की माझं नाव पुन्हा निघेल. हे मी धरून चाललो आहे.

उठताना मैनाबाई माझ्यापुढे थांबली. "येत्या साली अळी येईनच. खोटं आता चालत नाही, अन् खरं हे लोक आयकत नाही. तवा काय करसान?"  तीच म्हणाली, "सुभद्रेले ईचारा. रीत नाही असा खरा निरोप तिनं धाडला होता, हे नत्थुजीनं साऱ्या बायाईले सांगतलं."

म्हणून विचारतो. घरी ये असं म्हणण्याचा हक्क मी गमावला आहे, तो या पत्रात मागत नाही. शाळेत ये. बायांना तुझ्याकडून ऐकायचं आहे, आणि मला तुझ्याशेजारी बसून शिकायचं आहे, की खरं तेच सांगून माणसाला वाकवता कसं येतं. रंग मी वाटीन. यायचं नसेल तर नत्थुजीजवळ तसं सांग. तो घोकत येईल.

आज अकरा पोरं आली. मी पाटी मांडली तेव्हा चंद्रभान उंबऱ्याशी आला, चपला काढल्या नाहीत, हात जोडले नाहीत.

"मास्तर, तवा तुमी खोटं बोलले. आता खरं बोलून राहिले, हे आमी कसं वळखाचं?"

दगडांना मी इतका भ्यालो नव्हतो. म्हणालो, "ठाऊक नाही. आत ये, मिळून शोधू."

नत्थुजी बैल जुंपतो आहे, म्हणून पोरांसमोर बसूनच हे लिहून पुरं करतो. चंद्रभान अजून उंबऱ्यावरच उभा आहे. एक पाय आत आहे.

केशव